एक्झिक्युटेबलची लायब्ररी: एका जुन्या युक्तीचा आढावा

चालू असलेल्या प्रोग्रामने डिस्कवरचा दुसरा तयार प्रोग्राम डायनॅमिक लायब्ररीसारखा आपल्याच मेमरीत चढवायचा आणि त्यातली फंक्शने, प्रसंगी त्याचे ‘मेन’सुद्धा, थेट बोलवायची ही युक्ती लिनक्सवर अनेक वर्षे चालून जात असे. ती कोणी मुद्दाम पुरवलेली सोय नव्हती. फाइलच्या रचनेतून ती आपोआप निघाली होती. ऑगस्ट २०१९मध्ये जीलिबसी या लिनक्सवरच्या सी लायब्ररीच्या २.३० या आवृत्तीने ती बंद केली, तेव्हा तिच्यावर विसंबून असलेली बरीच कामे एकदम अडली. विंडोज आणि ॲपलच्या प्रणालींनी हा प्रश्न आपापल्या परीने आधीच निकालात काढला होता.

प्रोग्राम चालवायचा म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमला नवी प्रोसेस उभी करावी लागते. तिची मेमरी वेगळी, उघड्या फाइलींची यादी वेगळी, शेवटही वेगळा. लायब्ररी वापरताना यातले काही घडत नाही. लायब्ररीचा कोड बोलावणाऱ्याच्याच मेमरीत येऊन बसतो आणि त्यातले फंक्शन बोलावणे जवळजवळ फुकट असते. प्रोग्रामलाच लायब्ररी करण्याचा मोह इथून सुरू होतो. प्रोसेस उभी करण्याचा वेळ वाचतो. मोठा डेटा पाइपमधून ढकलण्याऐवजी नुसता पॉइंटर देता येतो. सोर्स कोड हाताशी नसलेल्या प्रोग्राममधले एखादेच फंक्शन वेगळे काढून त्याची कसून चाचणी घेता येते.

प्रोग्राम आणि लायब्ररी यांच्यातली भिंत सुरुवातीपासून होती असेही नाही. एमआयटी, जनरल इलेक्ट्रिक आणि बेल लॅब्ज यांनी १९६०च्या दशकात उभारलेल्या मल्टिक्स या प्रणालीत कमांड म्हणजे वापरकर्त्याच्या चालू प्रोसेसमध्येच बोलावली जाणारी एक प्रोसीजर होती. तिचा कोड असलेला सेगमेंट गरज पडताच जोडला जाई आणि काम संपले की नियंत्रण परत येई. युनिक्सने ही पद्धत मोडली. तिथे प्रत्येक कमांडला स्वतःची प्रोसेस मिळाली आणि प्रोग्राम म्हणजे ‘एक्झेक’ने सुरू होऊन ‘एक्झिट’ने संपणारी गोष्ट ठरली. डायनॅमिक लायब्ररी युनिक्समध्ये बऱ्याच उशिरा आल्या. सन मायक्रोसिस्टिम्सच्या सनओएस ४.० या १९८८च्या आवृत्तीने त्या रुजवल्या आणि चालू असताना लायब्ररी उघडणारे ‘डीएलओपन’ हे फंक्शन त्याच घराण्यातून पुढे सगळीकडे पसरले.

फाइल एक, भूमिका दोन

लिनक्सवरचे प्रोग्राम आणि लायब्ररी दोन्ही ईएलएफ या एकाच साच्यातल्या फाइली असतात. सिस्टिम फाइव्ह युनिक्सच्या चौथ्या आवृत्तीत आलेला हा साचा लिनक्सने १९९५च्या सुमारास स्वीकारला. त्याआधीच्या ए-आउट साच्यात प्रत्येक शेअर्ड लायब्ररीला मेमरीतला पत्ता आधीच नेमून द्यावा लागे आणि कोणती लायब्ररी कुठे बसते याची सगळ्यांसाठी मिळून नोंद ठेवावी लागे. ईएलएफ फाइलच्या आरंभीच तिचा प्रकार सांगणारा एक आकडा असतो. १ म्हणजे जोडणी बाकी असलेली ऑब्जेक्ट फाइल, २ म्हणजे ठरलेल्या पत्त्यावरच बसणारा प्रोग्राम, ३ म्हणजे मेमरीत कुठेही बसू शकणारी शेअर्ड ऑब्जेक्ट आणि ४ म्हणजे कोअर डंप.

जुन्या पद्धतीचा प्रोग्राम दुसऱ्या क्रमांकाचा. ६४-बिट इंटेल यंत्रांवर तो सर्रास ४ एमबीच्या खुणेपाशी बसायचा. असा प्रोग्राम चालू असताना तसाच दुसरा उघडायला गेले तर त्याची जागा आधीच भरलेली. त्यामुळे ‘डीएलओपन’ अशा फाइलीला दारातूनच परत पाठवत असे आणि प्रश्न तिथेच मिटत असे.

चित्र बदलले ते सुरक्षेच्या मागणीमुळे. प्रोग्राम दर वेळी एकाच पत्त्यावर बसला की मेमरीतली चूक हेरून आत घुसणाऱ्याला नेमके कुठे मारायचे ते आधीच ठाऊक असते. २००१मध्ये पॅक्स या प्रकल्पाने लिनक्ससाठी पत्ते विस्कटण्याची कल्पना राबवली. पण मुख्य प्रोग्रामलाही हलवायचे तर तो कुठेही बसू शकणारा हवा. २००३मध्ये रेड हॅटच्या याकुब येलिनेक यांनी त्यासाठी कंपायलर, लिंकर आणि जीलिबसीत लागणारे बदल केले आणि पोझिशन इंडिपेंडंट एक्झिक्युटेबल, थोडक्यात पीआयई, हा प्रकार रूढ होऊ लागला. अँड्रॉइडने २०१४च्या ५.० आवृत्तीपासून तो सक्तीचा केला. उबुंटूने १६.१०मध्ये आणि डेबियनने २०१७च्या नवव्या आवृत्तीत तो नेहमीचा प्रकार ठरवला.

पीआयईसाठी नवा आकडा कोणी काढला नाही. कुठेही बसू शकणाऱ्या फाइलीसाठी ३ हा आकडा होताच, तोच वापरला. त्यामुळे नुसता आकडा पाहून प्रोग्राम कोणता आणि लायब्ररी कोणती हे सांगता येईना. याचा एक गमतीदार परिणाम असा झाला, की काही लिनक्स डेस्कटॉपवर फाइल मॅनेजर धडधाकट प्रोग्रामला शेअर्ड लायब्ररी समजू लागला आणि डबल-क्लिक करूनही तो उघडेना. उलट बाजूचे उदाहरण त्याहून जुने आहे. लिनक्सवरची सी लायब्ररी, म्हणजे ‘लिबसी.एसओ.६’ ही फाइल, टर्मिनलवर थेट चालवली तर ती स्वतःची आवृत्ती आणि कॉपीराइटची माहिती छापून गुमान बंद होते. लायब्ररीला सुरुवातीचा पत्ता आणि मेमरीत चढवण्यासाठी कोणता लोडर वापरायचा त्याची नोंद दिली की ती प्रोग्रामसारखी धावते.

एवढे पाहिले की दोहोंत फरक उरलाच नाही असे वाटते, आणि कित्येकांना तसेच वाटले. प्रोग्राम पीआयई म्हणून बांधा, ‘-आरडायनॅमिक’ हा पर्याय देऊन त्यातली नावे बाहेर दिसू द्या, मग ‘डीएलओपन’ने उघडा, ‘डीएलसिम’ने ‘मेन’ शोधा आणि बोलवा. ‘-आरडायनॅमिक’ची गरज अशासाठी, की लिंकर प्रोग्राममधली फंक्शने सहसा बाहेरच्यांसाठी नोंदवत नाही. जोडलेल्या लायब्ररींना हवी असलेली तेवढीच नावे तो यादीत ठेवतो. हा पर्याय मुळात वेगळ्याच कामासाठी आहे. अपाची वेब सर्व्हरची मॉड्यूल्स किंवा पायथनची सी-एक्स्टेन्शन्स उलट दिशेने, आपल्याला उघडणाऱ्या मुख्य प्रोग्राममधली फंक्शने वापरतात, त्यांना ती दिसावीत म्हणून तो लागतो. तो वापर पूर्णपणे रीतसर आहे आणि आजही चालतो.

पहिलेपणाचे गृहीत

खरी अडचण फाइलच्या साच्यात नसून कंपायलर आणि लिंकर यांनी प्रोग्राम बांधताना धरलेल्या गृहीतांत आहे. मुख्य प्रोग्राम प्रोसेसमध्ये सगळ्यात आधी येतो आणि एका प्रोसेसमध्ये तो एकच असतो, असे धरून ते कोड आखडतात, वेगवान करतात. असा प्रोग्राम लायब्ररी म्हणून दुसरीकडे गेला, की सासरी येऊनही घर आपल्याच नावावर असल्यासारखा वागणारा घरजावई होतो.

यातले सर्वांत कमी माहीत असलेले पण सर्वांत खोडसाळ गृहीत म्हणजे कॉपी रिलोकेशन. सी लायब्ररीत काही सार्वजनिक व्हेरिएबल्स असतात. ‘एन्व्हायरन’ आहे, कमांडवरचे पर्याय वाचणाऱ्या ‘गेटऑप्ट’चे ‘ऑप्टइंड’ आणि ‘ऑप्टआर्ग’ आहेत. प्रोग्रामने असे व्हेरिएबल वापरले, की लिंकर त्याच्यासाठी प्रोग्रामच्याच मेमरीत जागा राखतो आणि सुरुवातीला लायब्ररीतली किंमत तिथे उतरवून घेण्याची सूचना लोडरला देऊन ठेवतो. नाव शोधताना लोडर मुख्य प्रोग्राम आधी पाहतो. त्यामुळे खुद्द सी लायब्ररीसुद्धा इथून पुढे प्रोग्राममधली प्रतच वापरू लागते. सगळे एकाच जागेकडे पाहत असल्यामुळे गोंधळ होत नाही.

आता हाच प्रोग्राम दुसऱ्याच्या प्रोसेसमध्ये नंतर उघडला तर काय होते? सी लायब्ररीने आपले पत्ते केव्हाच पक्के केलेले असतात. नव्याने आलेल्या प्रोग्रामला ‘ऑप्टइंड’ची त्या क्षणीची किंमत आपल्या खासगी प्रतीत मिळते आणि तिथून दोघांच्या वाटा वेगळ्या होतात. तो ‘गेटऑप्ट’ बोलावतो, लायब्ररी तिच्या जागेतला आकडा पुढे सरकवते, आणि प्रोग्राम मात्र आपल्या प्रतीतला न बदललेला १ वाचत राहतो. पर्यायासोबत दिलेले फाइलचे नाव ‘ऑप्टआर्ग’मध्ये येतच नाही. क्रॅश नाही, संदेश नाही. प्रोग्राम फक्त आपल्याला काहीच सांगितले नव्हते अशा थाटात चालतो. सी++मध्ये ‘सीआउट’सारखा अख्खा ऑब्जेक्ट याच पद्धतीने बाइट-बाय-बाइट उतरवला जातो, तेव्हा परिस्थिती आणखी बिकट होते. ६४-बिट इंटेलवर पीआयईमध्येही अशा प्रती घेण्याची पद्धत जीसीसी या कंपायलरच्या पाचव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१५पासून आली. त्याआधी बांधलेले पीआयई या बाबतीत बरेच निरुपद्रवी होते, आणि ‘आमच्याकडे तर चालत होते’ या तक्रारींमागे हेही एक कारण आहे.

दुसरे गृहीत थ्रेडच्या खासगी मेमरीचे. प्रत्येक थ्रेडसाठी वेगळी किंमत ठेवणारी व्हेरिएबल्स लायब्ररीत असतील तर त्यांचा पत्ता चालू असताना विचारून घ्यावा लागतो. मुख्य प्रोग्रामला ती गरज नसते. त्याचा भाग थ्रेड पॉइंटरला अगदी लागून ठेवला जाणार हे ठरलेले असल्याने लिंकर पॉइंटरपासूनचे अंतर थेट सूचनेत कोरून टाकतो. दोन प्रोग्राम एका प्रोसेसमध्ये आले, की दोघांच्याही कोडमध्ये तीच जागा कोरलेली असते. पाहुण्याने आपल्या मोजणीचा आकडा वाढवला की यजमानाची कुठलीतरी किंमत बदलते. हे दुरुस्त करण्याची संधी लोडरला मिळत नाही, कारण त्या सूचनांची कुठे नोंदच नसते.

उरलेल्या अडचणी डोळ्यांना दिसणाऱ्या आहेत. प्रोग्रामची खरी सुरुवात ‘मेन’पासून होत नाही, त्याआधी सी लायब्ररीची स्वतःची मांडामांड होते. पाहुण्या प्रोग्रामच्या बाबतीत ती यजमानाने केलेली असते आणि ‘मेन’ला लागणारे आर्ग्युमेंट्स हाताने बनवून द्यावे लागतात. चुकीचा पर्याय दिसताच ‘एक्झिट’ बोलावणे ही कमांड-लाइन प्रोग्रामची जुनी रीत. इथे तो यजमानासकट सगळी प्रोसेस संपवतो. ‘मेन’ दुसऱ्यांदा बोलावले तर ग्लोबल व्हेरिएबल्स पहिल्या फेरीतल्या किमती धरून बसलेली असतात. सिग्नल पकडणारी फंक्शने एकमेकांवर कुरघोडी करतात. ‘/प्रॉक/सेल्फ/एक्झी’ वाचून आपल्या फाइली शोधणाऱ्या प्रोग्रामला भलत्याच फोल्डरचा पत्ता लागतो. सी लायब्ररी पोटात घेऊन येणारा स्टॅटिक पीआयई तर या विषयातून बाहेरच ठेवलेला बरा. एका प्रोसेसमध्ये दोन सी लायब्ररी, दोघींनाही आपणच पहिल्या असे वाटते.

ही वाट वापरणारे

एवढ्या खाचखळग्यांतूनही ही पद्धत लाखो उपकरणांवर चालली आहे. केडीई या डेस्कटॉपचे उदाहरण सर्वांत जुने आणि सर्वांत शहाणपणाचे. सी++मध्ये लिहिलेल्या केडीईच्या प्रोग्रामना सुरू होताना हजारो नावे जोडून घ्यावी लागत आणि त्या काळच्या यंत्रांवर हा उशीर जाणवत असे. त्यावर केडीईनिट नावाचा एक पहारेकरी प्रोग्राम आला. तो मोठ्या लायब्ररी आधीच चढवून बसे, मागणी येताच स्वतःची प्रत फोर्क करी आणि त्या प्रतीत हवा तो प्रोग्राम ‘डीएलओपन’ने उघडून त्याचे ‘केडीईमेन’ हे फंक्शन बोलावी. प्रोग्राम त्यासाठी मुद्दाम लायब्ररी म्हणूनच बांधलेला असे आणि त्याच नावाची चिमुकली एक्झिक्युटेबल फाइल शेजारी ठेवलेली असे. आधी फोर्क आणि मग उघडणे हे यातले मर्म. दर प्रोसेसला एकच पाहुणा, त्यामुळे ‘एक्झिट’ने फक्त त्याचेच आयुष्य संपते. यंत्रे वेगवान झाल्यावर गरज उरली नाही आणि केडीईच्या सहाव्या पिढीच्या फ्रेमवर्कमधून २०२४मध्ये केडीईनिट गेला.

नोकियाने हीच कल्पना छोट्या उपकरणांवर नेली. २००५च्या नोकिया ७७० या टॅब्लेटमध्ये ६४ एमबी रॅम होती. तिच्यावरच्या मीमो या प्रणालीसाठी आलेला लाँचर प्रोग्रामच्या फाइलीच लायब्ररीसारख्या उघडून त्यांचे ‘मेन’ बोलावत असे. पुढे २०११च्या एन९ फोनवर त्याचा वारसदार आधीच तयार ठेवलेल्या ‘बूस्टर’ प्रोसेस वापरू लागला. सेलफिश या फोन-प्रणालीसाठी ॲप लिहिणाऱ्यांना ‘मेन’च्या आधी ते बाहेर दिसू देण्याची क्यूटी या टूलकिटची खूण लावायला आणि प्रोग्राम पीआयई म्हणून बांधायला सांगितले जाते, ते याच परंपरेतून. एक्झिक्युटेबल लायब्ररी म्हणून उघडण्याचा इतका सरळ आणि इतका व्यापक वापर दुसरा नसेल. विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणाऱ्या वाइनची तऱ्हा निराळी होती. विंडोजचे प्रोग्राम लिनक्ससाठी पुन्हा बांधले की ‘.ईएक्सई.एसओ’ अशा दुहेरी शेपटाच्या शेअर्ड लायब्ररी बनत आणि वाइनचा लोडर त्या उघडे.

संशोधनात या पद्धतीची भूक वेगळीच होती. नेटवर्क सिम्युलेटरला एकच राउटिंग प्रोग्राम शंभर काल्पनिक यंत्रांवर एकाच वेळी चालवून पाहायचा असतो, वेळेचे काटे मात्र एकाच हातात हवे असतात. एनएस-३ या सिम्युलेटरचा डायरेक्ट कोड एक्झिक्यूशन हा विभाग खरे प्रोग्राम पीआयई म्हणून बांधून घेऊन एकाच प्रोसेसमध्ये चढवतो आणि प्रत्येक काल्पनिक यंत्रासाठी ग्लोबल व्हेरिएबल्सची वेगळी प्रत ठेवतो. टॉर या नेटवर्कच्या अभ्यासासाठी वापरला जाणारा शॅडो हा सिम्युलेटरही बराच काळ प्रोग्रामना प्लगइन म्हणून आपल्या प्रोसेसमध्ये घेत असे. जपानच्या रिकेन संस्थेतून निघालेल्या आणि २०१८मध्ये एचपीडीसी परिषदेत मांडलेल्या प्रोसेस-इन-प्रोसेस या प्रकल्पाने महासंगणकांसाठी हाच प्रयोग केला. समांतर चालणारे अनेक प्रोग्राम एकाच पत्त्यांच्या अवकाशात ठेवले, की त्यांना एकमेकांचा डेटा नक्कल न करता वाचता येतो. क्लाउडसाठी बनवलेल्या ओएसव्ही या प्रणालीत तर प्रोसेस ही कल्पनाच नाही. अख्ख्या व्हर्च्युअल मशीनमध्ये एकच अवकाश, आणि प्रोग्राम म्हणजे शेअर्ड ऑब्जेक्ट किंवा पीआयई. तिचा लोडर तिचा स्वतःचा असल्याने जीलिबसीच्या निर्णयाची झळ तिला बसली नाही.

शॅडोचा पुढचा प्रवास बोलका आहे. २०२२मध्ये त्याच्या कर्त्यांनी प्लगइनची वाट सोडली, प्रोग्राम साध्या लिनक्स प्रोसेस म्हणून चालवायला सुरुवात केली आणि त्यांचे सिस्टिम कॉल मधल्यामध्ये अडवून सिम्युलेटरकडे वळवले. यूझेनिक्सच्या वार्षिक तांत्रिक परिषदेतल्या त्यांच्या निबंधानुसार ही रचना वेगातही कमी पडली नाही. ज्या वेगासाठी एका प्रोसेसचा अट्टहास धरला जातो, तो बऱ्याचदा एवढा महाग पडायची गरज नसते.

बंद दार आणि पळवाटा

जीलिबसीच्या दोषनोंदीत २४३२३ या क्रमांकाखाली ही बाब आली, ती ‘पीआयई उघडता येऊ नयेत’ अशा थेट मागणीसह. जून २०१९मध्ये बदल झाला आणि २.३०मध्ये तो सर्वांना मिळाला. त्याआधीची, म्हणजे पीआयई उघडू देणारी शेवटची २.२९ ही आवृत्ती त्याच वर्षी फेब्रुवारीच्या सुमारास आली होती. रेड हॅटच्या पुण्यातील कार्यालयातून या प्रकल्पात आलेले सिद्धेश पोयरेकर यांनी तिच्या प्रकाशनाची जबाबदारी सांभाळली होती. नव्या आवृत्तीत लोडर फाइलीतली एक खूण तपासतो. लिंकर पीआयई बांधताना डायनॅमिक विभागात ‘डीएफ-१-पीआयई’ नावाचा एक बिट लावतो. तो दिसला, की पीआयई चालू प्रोसेसमध्ये चढवता येणार नाही अशा अर्थाची चूक सांगून ‘डीएलओपन’ माघार घेते. आकडा ३ तोच राहिला, पण ओळख पटवण्याची सोय झाली. ‘फाइल’ ही कमांडही आता याच खुणेवरून पीआयई आणि लायब्ररी वेगळे सांगते.

या तपासणीला एक अपवाद आहे आणि तो सगळा प्रश्न उलगडून दाखवतो. लोडरलाच कमांड म्हणून चालवून त्याच्यापुढे प्रोग्रामचे नाव लिहिले, तर तो ती फाइल स्वतः उघडून मेमरीत चढवतो, जवळजवळ लायब्ररी चढवतो तशाच रीतीने, आणि तिथे त्याची हरकत नसते. फाइल तीच, चढवणारा कोडही तोच. फरक एवढाच, की त्या प्रोसेसमध्ये अजून दुसरा प्रोग्राम आलेला नाही.

खूण एका बिटाची असल्याने ती पुसणेही सोपे आहे. फाइलीतला बिट शून्य केला की ‘डीएलओपन’ पुन्हा निमूटपणे उघडते. एलआयईएफ या ईएलएफ फाइली बदलणाऱ्या साधनाच्या माहितीपुस्तिकेत एक्झिक्युटेबलची लायब्ररी करण्याचा स्वतंत्र धडाच आहे. प्रोग्राममधल्या हव्या त्या पत्त्याला नाव देऊन ते बाहेर दिसू द्यायचे, पीआयईची खूण काढायची आणि ते फंक्शन आपल्या चाचणीच्या कोडमधून बोलवायचे. सुरक्षा तपासणाऱ्यांसाठी हे फार उपयोगाचे आहे. परक्या प्रोग्राममधल्या एखाद्या पार्सरवर लाखो वेडेवाकडे इनपुट फेकून पाहायचे असतात, आणि दर वेळी अख्खा प्रोग्राम सुरू करणे परवडत नाही. निवडलेले फंक्शन थ्रेडच्या खासगी मेमरीला आणि कॉपी केलेल्या व्हेरिएबल्सना हात लावत नसेल तर काम बिनबोभाट होते. मात्र बिट पुसल्याने आधी सांगितलेली गृहीते पुसली जात नाहीत. चाचणीपुरते हे ठीक, ग्राहकाच्या यंत्रावर जाणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नाही.

‘डीएलएमओपन’ हे आणखी एक साधन सुचवले जाते. सोलारिसमधून आलेले हे फंक्शन लायब्ररींना वेगळ्या नामावकाशात उघडते. तिथे पाहुण्याला सी लायब्ररीसुद्धा स्वतःची मिळते, त्यामुळे नावांची टक्कर टळते. पण जीलिबसीत असे अवकाश १६पेक्षा जास्त करता येत नाहीत, आणि पीआयईवरची बंदी तिथेही लागू आहेच. रिकेनच्या गटाला बदललेली जीलिबसी बाळगावी लागली त्यामागे १६ची ही मर्यादा होती.

विंडोज, ॲपल आणि मोबाइल

विंडोजवर ‘लोडलायब्ररी’ला ‘.ईएक्सई’ फाइल दिली तर ती उघडते, आणि नवख्यांची फसगत इथेच होते. मायक्रोसॉफ्टच्या दस्तऐवजात ही सोय त्या फाइलीतली चिन्हे, चित्रे आणि संवादचौकटी काढून घेण्यापुरती सांगितली आहे, आणि प्रोग्राम चालवण्यासाठी हे फंक्शन वापरू नका असे बजावलेही आहे. विंडोजच्या पीई साच्यात फाइल डीएलएल आहे की नाही हे सांगणारा बिट पहिल्यापासून होता. तो नसेल तर लोडर त्या फाइलीला लागणारी बाहेरची फंक्शने जोडत नाही आणि तिचे सुरुवातीचे फंक्शनही बोलावत नाही. त्यामुळे निर्यात केलेल्या फंक्शनचा पत्ता मिळतो, ते बोलावता येते, आणि त्याने पहिल्यांदा विंडोजच्या कुठल्याही फंक्शनला हाक मारली की प्रोग्राम कोसळतो. काही जण ती जोडणी स्वतःच्या कोडने करून घेतात. जुन्या ३२-बिट ‘.ईएक्सई’ फाइलींत हलवण्यासाठी लागणारी पत्त्यांची यादीच काढून टाकलेली असे, तिथे तोही उपाय चालत नाही.

ॲपलच्या माक-ओ साच्यात प्रोग्राम, डायलिब आणि बंडल यांना आरंभापासून वेगळे आकडे आहेत आणि ‘डीएलओपन’ प्रोग्रामला सरळ नकार देते. आकडा बदलून फसवायचे म्हटले तरी ६४-बिट प्रोग्रामच्या सुरुवातीला ४ जीबीचा रिकामा, स्पर्श न करण्याचा पट्टा असतो, त्याचाही बंदोबस्त करावा लागतो. या बाबतीत ॲपलची स्पष्टता लिनक्सपेक्षा सरस म्हणावी लागेल. तिथे अनेक वर्षे अर्धवट चालणारी आणि मग अचानक मोडणारी सवय लागलीच नाही.

मोबाइलवर हा प्रश्न सक्तीने उभा राहतो. आयफोनवरच्या ॲपला नवी प्रोसेस सुरू करण्याची मुभा नाही. तरीही त्यावर ‘एलएस’, ‘ग्रेप’सारख्या कमांड देणारी टर्मिनल ॲप्स आहेत. त्यांतल्या ए-शेलसारख्या ॲपमागे आयओएस-सिस्टिम नावाचा प्रकल्प आहे. त्याने कमांडच्या सोर्स कोडमध्ये हात घातला: ‘मेन’ला कमांडनुसार वेगळे नाव दिले, छापील आउटपुट त्या त्या थ्रेडच्या स्वतंत्र प्रवाहाकडे वळवले, ‘एक्झिट’च्या जागी फक्त थ्रेड संपवणारे फंक्शन बसवले आणि ग्लोबल व्हेरिएबल्स दर फेरीला नव्याने भरण्याची व्यवस्था केली. प्रोग्रामची लायब्ररी करायला नेमके काय काय लागते याची इतकी प्रामाणिक यादी दुसरीकडे सापडणे कठीण. अँड्रॉइडवर उलटी कसरत दिसते. २०१९च्या दहाव्या आवृत्तीपासून त्या आवृत्तीसाठी बांधलेल्या ॲपला आपल्या डेटा फोल्डरमध्ये उतरवलेला प्रोग्राम चालवता येत नाही. ॲपसोबत आलेल्या नेटिव्ह लायब्ररींच्या फोल्डरमधला मात्र चालतो. म्हणून कित्येक ॲप्स अस्सल एक्झिक्युटेबलला ‘लिब’ हा उपसर्ग आणि ‘.एसओ’ हे शेपूट लावून लायब्ररीच्या वेषात पॅकेजमध्ये पाठवतात.

नव्या कामात काय करावे याबद्दल फारसा वाद उरलेला नाही. कोड आपल्या हाती असेल तर सगळे काम लायब्ररीत ठेवून ‘मेन’मध्ये केवळ आर्ग्युमेंट्स वाचून तिला बोलावणाऱ्या चार ओळी उरवाव्यात. रस्टमध्ये एकाच पॅकेजमधून लायब्ररी आणि प्रोग्राम दोन्ही निघतात, गोमध्ये सी-शेअर्ड असा बांधणीचा पर्यायच आहे. जुन्या सी प्रकल्पांत हे काम कंटाळवाणे असले तरी अवघड नाही. कोड हाती नसेल आणि प्रोग्राम पूर्ण चालवायचा असेल तर वेगळी प्रोसेस आणि तिच्याशी शेअर्ड मेमरी हाच उपाय टिकाऊ. एखादे फंक्शन तपासण्यापुरती बिट पुसण्याची युक्ती जरूर वापरावी, पण ती आपल्या यंत्राबाहेर जाऊ देऊ नये. जीलिबसीचा नकार योग्यच होता. खेद एवढाच, की २००३मध्ये पीआयईला स्वतःचा आकडा मिळाला असता तर हा नकार सोळा वर्षे आधी आणि कोणाचेही काही न मोडता देता आला असता. ॲपलच्या एक्सकोडने २०२४च्या सोळाव्या आवृत्तीपासून डीबग बांधणीत सगळे काम लायब्ररीत आणि ‘मेन’ नावापुरते ही विभागणी आपणहून करायला सुरुवात केली आहे: ॲपचा सगळा कोड ‘.डीबग.डायलिब’ या लायब्ररीत जातो आणि एक्झिक्युटेबल म्हणून उरतो तो तिला उघडणारा एक छोटासा तुकडा.